भावाला झटका आला. मी किती व्यायाम करू आणि तो टिकवू कसा?

प्रश्न : माझे वय ४८. कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेत शिकवतो. तीन महिन्यांपूर्वी माझ्या थोरल्या भावाला वयाच्या ५१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. मी घाबरून पहाटे धावायला सुरुवात केली. सहा आठवडे धावलो, मग पावसाने खंड पडला तो पडलाच. माझ्या तपासणीत रक्तदाब १४४/९२ आणि उपाशीपोटीची साखर ११२ आली आहे. व्यायाम नेमका किती करावा? दहा हजार पावले चाललेच पाहिजे का? इतकी भीती वाटत असूनही व्यायाम टिकत का नाही? पत्नी म्हणते, ती दिवसभर घरकाम करते, तिला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. आणि भावाला तर घरचे लोक अंगणातसुद्धा फिरू देत नाहीत. मार्गदर्शन करावे.

उत्तर :

व्यायाम टिकत का नाही, हा प्रश्न तुम्ही मध्येच कुठेतरी विचारला आहे. मी तो सर्वांत आधी घेतो. गेली चोवीस वर्षे मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करतो आहे. या काळात मला असे दिसले की, किती व्यायाम करावा हे ठाऊक नाही म्हणून अडलेली माणसे थोडी असतात आणि कळते पण वळत नाही म्हणून अडलेली फार.

सुरुवातीची बरीच वर्षे मीही भीतीवरच भिस्त ठेवली होती. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीचे चित्र पडद्यावर दाखवायचे, वडील कोणत्या वयात गेले ते विचारायचे आणि मग व्यायामाचे महत्त्व सांगायचे, अशी माझी पद्धत होती. रुग्ण हादरून जात, दुसऱ्या दिवसापासून चालू लागत आणि दोन-अडीच महिन्यांनी तपासणीला येत तेव्हा बहुतेकांचे चालणे थांबलेले असे. साखर कारखान्यात हिशेबनीस असलेल्या एका गृहस्थांनी मला एकदा सांगितले, "डॉक्टर, तुम्ही बोलता तेव्हा सगळे पटते. पण घरी गेल्यावर नेमके केव्हा निघायचे तेच ठरत नाही, आणि दिवस निघून जातो." त्या दिवसानंतर मी रुग्णांना घाबरवणे हळूहळू सोडले आणि त्यांच्यासमोर वही घेऊन बसू लागलो.

त्या गृहस्थांचे म्हणणे एका प्रयोगाशी तंतोतंत जुळते, म्हणून तो प्रयोग येथे सांगतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या ब्रिटिश अभ्यासात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला व्यायामाबद्दल काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाने तो कसा कमी होतो याची माहिती वाचायला दिली. तिसऱ्याला तीच माहिती दिली आणि त्याखेरीज एक वाक्य लिहून घेतले : पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी किमान २० मिनिटे व्यायाम करीन. आठवड्याने पाहिले तेव्हा पहिल्या गटातील ३८ टक्क्यांनी व्यायाम केला होता, दुसऱ्यातील ३५ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातील ९१ टक्क्यांनी. हृदयविकाराची माहिती दिल्याने मुलांचा निश्चय वाढला होता, पण निश्चयाचे पाय जमिनीला लागले ते दिवस, वेळ आणि जागा ठरल्यावरच. हे विद्यार्थी तरुण होते आणि काळ एका आठवड्याचा होता, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या वयाला लावू नये. दिशा मात्र खरी आहे, असे माझ्या रुग्णांवरून मी म्हणू शकतो.

भीतीचे काम कसे चालते, ते तुमच्याच उदाहरणात दिसते. भाऊ रुग्णालयात होता तोवर भीती ताजी होती. तो घरी आला, जेवू लागला, हसू लागला, तशी ती ओसरली. मनाचा तो धर्मच आहे, त्यात तुमचा काही दोष नाही. दुसरे असे की, भीतीपोटी केलेल्या व्यायामाचे फळ म्हणजे काहीतरी न घडणे, आणि जे घडत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. तिसरे, घाबरलेला माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त करायला जातो. इतकी वर्षे बैठे काम केल्यावर तुम्ही एकदम पहाटे धावू लागलात. गुडघे दुखले असतील, झोप मोडली असेल, आणि पाऊस आल्यावर मनाला सुटकाच वाटली असेल. अशा व्यायामाला पहिल्या निमित्ताने खंड पडतो.

आता किती करावे याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार श्रमाची हालचाल करावी, किंवा दोन्हींचा मेळ घालावा. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील मोठ्या स्नायूंना ताकद लावावी लागेल असा व्यायाम करावा आणि बसून राहण्याचा वेळ कमी करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामांची भर घालावी. याच सूचनांमध्ये एक महत्त्वाचा बदल झाला, तो अजून अनेकांपर्यंत पोहोचलेला नाही. पूर्वी सलग किमान दहा मिनिटांची हालचालच हिशेबात धरली जात असे. ती अट काढून टाकण्यात आली. मधल्या सुट्टीत दोन जिने झपाट्याने चढलात तर तेही आता धरले जाते.

दीडशे मिनिटे हा उंबरठा नाही. १४९ मिनिटे चालणारा नापास आणि १५० चालणारा पास, असे शरीर मोजत नाही. शिक्षकांना हे मुद्दाम सांगतो, कारण उत्तीर्ण होण्याच्या गुणांसारखे याकडे पाहण्याची सवय आपल्याला असते. तैवानमधील चार लाखांहून अधिक लोकांचा मागोवा घेणारा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सरासरी १५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अजिबात न करणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळला. अमेरिका आणि युरोपमधील सुमारे ६ लाख ६१ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१५ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, शिफारशीपेक्षा कमी पण काहीतरी व्यायाम करणाऱ्यांचा धोका २० टक्क्यांनी कमी होता, शिफारशीइतका ते दुप्पट करणाऱ्यांचा ३१ टक्क्यांनी आणि तिप्पट ते पाचपट करणाऱ्यांचा ३९ टक्क्यांनी. हे आकडे नीट पाहा. शून्यावरून थोड्यावर येताना जी मोठी उडी पडते, तशी पुढे पडत नाही. म्हणून आज काहीच न करणाऱ्या माणसाचा पहिला आठवडा हा सगळ्यात मोलाचा असतो, मग त्यात त्याने रोज दहाच मिनिटे चालली असली तरी.

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक उपकरण विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. तेथून तो जगभर पसरला. अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा २०१९ मधील अभ्यास सांगतो की, दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी होता आणि साधारण ७५०० पावलांपर्यंत तो आणखी कमी होत जाऊन पुढे स्थिरावला. दहा हजार होत असतील तर आनंदच आहे. पण साडेसहा हजार झाली म्हणून रात्री अकराला घरातल्या घरात येरझाऱ्या घालू नका, वेळेवर झोपा.

हालचाल आणि हृदय यांचा हा संबंध प्रथम स्पष्टपणे दाखवला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील वाहतूक कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध केली. एकाच बसवर, एकाच पगारमानात, एकाच प्रकारच्या वस्तीत राहणारी ही माणसे. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी, उशिरा आणि कमी जीवघेणा आढळला. टपाल खात्यातही चालत आणि सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यात तसाच फरक दिसला. मॉरिस यांचा मोठेपणा मला त्यांच्या पुढच्या पावलात वाटतो. चालक मुळातच स्थूल असतील आणि म्हणून आजारी पडत असतील, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि गणवेशाच्या नोंदींमधून कमरेची मापे काढली. चालक नोकरीला लागतानाच कमरेने थोडे जाड असल्याचे दिसले, ते त्यांनी लपवले नाही. आणि कमरेचे माप सारखे असणाऱ्यांची तुलना केली तरीही वाहक सरस ठरले. बारीक माणसाला व्यायामाची गरज नसते, असे मला आजही रुग्ण सांगतात. त्यांना मी या कमरेच्या मापांची गोष्ट सांगतो.

तुमच्या घराण्यातील धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. वडील किंवा सख्खा भाऊ यांना वयाच्या ५५ वर्षांआधी, अथवा आई किंवा सख्ख्या बहिणीला ६५ वर्षांआधी हा आजार झाला, तर तो अकाली मानला जातो आणि तुमचा स्वतःचा धोका त्यामुळे वाढतो. शिवाय ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ होते आणि इतरांचे सुमारे ५९. म्हणजे तुमच्या भावाच्या बाबतीत जे घडले ते आपल्याकडे दुर्मीळ नाही. पण रक्तातच आहे, मग करून काय उपयोग, असा निष्कर्ष यातून काढू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५५ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांची तपासणी झाली. धूम्रपान नसणे, स्थूलता नसणे, नियमित व्यायाम आणि योग्य आहार या चारपैकी किमान तीन गोष्टी ज्यांच्याकडे होत्या, त्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण, यांपैकी फार तर एकच गोष्ट असलेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी होते.

आता थोडे सावधगिरीचे. तुम्ही सहा आठवडे धावलात आणि काही झाले नाही, याचा मला आनंद आहे. पण तो मार्ग योग्य नव्हता. १९९३ साली अमेरिकेत झटका आलेल्या बाराशेहून अधिक रुग्णांना विचारून केलेल्या अभ्यासात असे आढळले की, एरवी कधी जोरदार श्रम न करणाऱ्या माणसाला तसे श्रम केल्यानंतरच्या तासाभरात झटका येण्याची शक्यता त्याच्याच विश्रांतीच्या वेळेपेक्षा शंभरपटीहून अधिक वाढते. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्याची ती जेमतेम अडीचपट वाढते. एखाद्या तासाचा धोका मुळात अतिशय लहान असतो, त्यामुळे शंभरपट ऐकून घाबरण्याचे कारण नाही. अर्थ एवढाच की, सवय हेच हृदयाचे संरक्षण आहे आणि ती पायरी पायरीनेच लागते.

तुमचा रक्तदाब एकदा मोजून १४४/९२ आला आहे. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, दंडावर पट्टा लावणाऱ्या यंत्राने मोजा, वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. साखर ११२ म्हणजे मधुमेह नव्हे, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी आणि चरबीची तपासणी करून घ्या. छातीत काही जाणवत नसेल, दम लागत नसेल, तर मध्यम गतीने चालण्यासाठी ट्रेडमिलवरच्या चाचणीची वाट पाहण्याची गरज नाही. पुढे धावायचे असेल, तर मात्र तुमच्या घराण्याचा इतिहास पाहता आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर आधी उपचार आणि मग व्यायाम.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चालताना किंवा चढताना छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे जबड्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणे, दरदरून घाम, अकारण दम किंवा चक्कर, यांपैकी काही झाले तर तेथेच थांबावे. आपल्याकडे अशा वेळी 'पित्त झाले असेल, गॅस असेल' म्हणून सोडा-लिंबू घेण्यात किती मौल्यवान वेळ गेला, हे मी रुग्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की आता ऐकवत नाही. श्रम केल्यावर येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे हे पित्त समजू नये. थांबूनही ते पाच-दहा मिनिटांत गेले नाही, तर १०८ क्रमांकाला फोन करावा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये.

आता तुमच्यासाठी वहीत काय लिहायचे ते पाहू. पहाटेचा हट्ट सोडा. तुम्ही शिक्षक आहात, शाळा ठरलेल्या वेळी सुटते, मैदान समोर आहे. इतकी चांगली सोय फार थोड्यांना लाभते. बूट शाळेतच कपाटात ठेवा. वाक्य असे लिहा : "शाळा सुटल्यावर कार्यालयात सही केली की बूट घालायचे आणि मैदानाला फेऱ्या मारूनच घरी निघायचे." रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवी गोष्ट बांधली की आठवण ठेवण्याचा भार मनावर राहत नाही. पहिले दोन आठवडे दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही, जमत असले तरी नाही. नंतर दर आठवड्याला तीन-चार मिनिटे वाढवत न्या. दीड-दोन महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास होईल. पहिली आणि शेवटची चार-पाच मिनिटे सावकाश चाला. झपाट्याने चालता चालता एकदम थांबले की पायांतले रक्त पायांतच राहते आणि भोवळ येऊ शकते.

गती मोजायला यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये, ही मध्यम गती. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर ती जोरदार झाली. आणखी एक सोपी खूण म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावले. घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात ५० पावले पडतात का ते एकदा पाहा.

पावसाचे काय करायचे, हे उन्हाळ्यातच ठरवले पाहिजे. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर असा काळ असतो की मैदानावर चिखलाशिवाय काही नसते, आणि तुमचा खंड तेथेच पडला होता. त्यासाठी दुसरे वाक्य लिहा : "पाऊस असेल तर शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या आणि मधला जिना पाच वेळा." खंड पडणारच, परीक्षा असतील, लग्न असेल, ताप येईल. त्यासाठी मी रुग्णांना एकच नियम सांगतो : एक दिवस चुकला तर चुकला, लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही. आठवड्यात पाच दिवस जमलेच नाहीत, तर शनिवार-रविवारी मिळून तेवढी मिनिटे भरून काढली तरी हृदयाला जवळपास तसाच लाभ होतो, असे २०२३ साली ब्रिटनमधील सुमारे ९० हजार लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदींवरून दिसून आले. अट एवढीच की शरीराला त्या श्रमांची सवय असावी.

रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली आपल्या आजोबा-आजींनी सांगितली आणि आपण दूरदर्शनसमोर बसून ती घालवली. न्यूझीलंडमध्ये मधुमेही रुग्णांवर २०१६ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात, दिवसातून एकदाच सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहिली, आणि सर्वाधिक फरक रात्रीच्या जेवणानंतर दिसला. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनवर फारसे अवलंबून न राहता ओढून घेतो, हे त्याचे कारण. तुमची साखर ११२ आहे, म्हणून ही दहा मिनिटे तुम्हाला औषधासारखी आहेत. जेवणानंतर मात्र सावकाशच चालावे.

ताकदीच्या व्यायामासाठी व्यायामशाळा नको. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून छाती पुढे-मागे नेणे, चवड्यांवर उभे राहणे, पाच किलोची पिशवी उचलणे, एवढे आठवड्यातून दोनदा पुरे. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांचा शाळाशाळांतून प्रसार केला, हे शिक्षक म्हणून तुम्हाला ठाऊक असेलच. रक्तदाब आटोक्यात येईपर्यंत ते सावकाश घाला आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नका. श्वास कोंडला की रक्तदाब क्षणात उसळतो.

प्रेरणेबद्दल आणखी एक निरीक्षण, आणि ते आपल्या मातीतले आहे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर दरवर्षी लाखो माणसे चालतात. त्यांतले कितीतरी जण एरवी कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जात नाहीत. वारीत त्यांना चालवतो तो हृदयविकाराचा विचार नव्हे. प्रस्थानाची तिथी ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो, दिंडीला क्रमांक असतो, आपण दिसलो नाही तर विचारणारे कोणी असते, आणि मुख्य म्हणजे चालण्यात आनंद असतो. हे सगळे मैदानावरच्या फेऱ्यांमध्ये छोट्या प्रमाणात आणता येते. एखादा सहकारी सोबत घ्या. त्याच्याशी शाळेच्या कामाचे न बोलता आवडत्या विषयावर बोला. ज्याला चालणे कंटाळवाणे वाटते, त्याने बॅडमिंटन खेळावे, पोहावे, शेतात राबावे. जे आवडत नाही ते वर्षानुवर्षे करवत नाही, हे मान्य करूनच निवड करावी.

तुमच्या पत्नीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि तेवढे श्रेय त्यांना आधी द्या. घरकाम, शेतकाम, पाणी भरणे, हे सर्व मार्गदर्शक सूचनांनुसार हालचालीतच मोडते. हाताने फरशी पुसणे, कपडे धुणे, भरलेली घागर घेऊन चढ चढणे हे मध्यम श्रम आहेत. पण ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, डबे भरणे यांत पाय दुखतात, पाठ भरते, माणूस थकतो, आणि तरीही हृदयाची गती फारशी वाढत नाही. कसोटी तीच : दिवसभरात दम थोडा वाढला असे किती वेळा झाले? दिवसभराची थकवणारी कामे आणि हृदयाला लागणारा व्यायाम यांत फरक आहे, हे सांगताना त्या काही करत नाहीत असा सूर कृपया लागू देऊ नका. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक, ५४ टक्के लोक अपुरी हालचाल करणारे आढळले आणि मोकळ्या वेळात आवडीने खेळणारे-चालणारे दहा टक्केही नव्हते. स्त्रियांच्या बाबतीत याचे कारण बहुधा आळस नसून मोकळा वेळच नसणे हे असते. त्यांना अर्धा तास मिळायचा असेल, तर घरातले अर्ध्या तासाचे काम दुसऱ्या कोणीतरी उचलले पाहिजे. माझी सूचना अशी की रात्रीची भांडी तुम्ही घासा आणि मग दोघे मिळून शतपावलीला निघा. अंधाऱ्या रस्त्याची आणि कुत्र्यांची भीतीही दोघे असल्यावर कमी वाटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचाही हृदयविकाराचा धोका वाढत जातो, तेव्हा हे त्यांच्यासाठीही आहे, केवळ तुमच्या सोबतीसाठी नाही.

शेवटी तुमच्या भावाविषयी. घरच्यांची काळजी मला समजते, पण भावाला पलंगावर ठेवणे हे प्रेमापोटी होणारे नुकसान आहे. एके काळी वैद्यकशास्त्रही हेच करत असे. झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे सक्तीने आडवे ठेवत आणि त्यात पायांत गुठळ्या होऊन, स्नायू झडून माणसे दगावत. अमेरिकेतील सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली त्याचे निष्कर्ष मांडले, तेव्हा ते धाडस वाटले होते. आज झटक्यानंतर काही दिवसांतच रुग्णाला वॉर्डात चालवतात. पुनर्वसनाच्या कार्यक्रमात देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. आपल्या देशातील २४ केंद्रांवर सुमारे चार हजार रुग्णांना घेऊन योगावर आधारित पुनर्वसनाची चाचणीही झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण रुग्ण आपल्या नेहमीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. ज्या गावात पुनर्वसन केंद्र नाही, तेथे हा मार्ग उपयोगाचा आहे.

तीन महिने झाले आहेत, तेव्हा त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे नेऊन तीन गोष्टी विचारा : हृदयाची पंप करण्याची क्षमता किती आहे, इतर कोणती रक्तवाहिनी अरुंद राहिली आहे का, आणि किती श्रमापर्यंत सुरक्षित आहे. परवानगी मिळाली की सपाट जागेवर पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा, कोणीतरी सोबत चालून सुरुवात करावी. हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी त्यांना चालू असेल, तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज येणार नाही. बोलता येते का, हीच खूण धरावी. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती खिशात असावी. आणि चालणे सुरू झाले म्हणून रक्त पातळ ठेवणारी किंवा चरबीची एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ती चूक जिवावर बेतू शकते. घरात कोणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल, तर ती सोडण्याचे काम व्यायामाबरोबरच सुरू झाले पाहिजे, कारण कितीही चालले तरी तंबाखूची भरपाई होत नाही.

तुमची पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा. रक्तदाब पाच ते आठ अंकांनी उतरलेला दिसू शकेल, साखर थोडी खाली आलेली असेल. वजन कदाचित तेवढेच असेल, त्याने निराश होऊ नका. रक्तदाब तरीही १४० च्या वर राहिला, तर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या आणि फेऱ्या चालू ठेवा. येताना रक्तदाबाची वही आणा. तिच्या शेवटच्या पानावर ती दोन वाक्ये, एक उन्हाळ्याचे आणि एक पावसाचे, तुमच्या हाताने लिहिलेली असावीत.